पाठवणीच्या चालीचा शेजार

मास्तर, तुमची नात परवा घरी येऊन गेली. तुम्ही गेलात तेव्हा ती फ्रॉकमध्ये होती आणि बँडच्या खोलीत झांजा घेऊन पळत सुटायची. आता वारणानगरला शाळेत गाणं शिकवते, क्लॅरिनेट वाजवते, आणि पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे. चप्पल काढता काढता दारातूनच म्हणाली, "काका, मला आजोबांच्या पाठवणीच्या चालीचा शेजार पाहिजे." मी म्हटलं, अगं बस तरी, पाणी पी. "पाणी पिते, पण नाही म्हणायचं नाही." थेट तुमच्यावर गेलीय.

तिचं मागणं साधं होतं. तिची आई, म्हणजे तुमची लेक, सासरी निघाली तेव्हा तुम्ही स्वतः पुढं उभं राहून ती चाल वाजवली होती आणि खालच्या सुरात माझं पितळी युफोनियम होतं. तसंच तिला स्वतःच्या पाठवणीला हवं होतं. चाल काय, गावात जिवंत आहे. कोल्हापुरात नवरी मांडवाबाहेर पडली की कुठलाही बँड तीच वाजवतो, हल्ली कीबोर्डवाले पण वाजवतात, आणि ती तुम्ही बांधली हे त्यातल्या एकाला ठाऊक नाही. पण तिच्या बाजूनं चालणारी ती दुसरी ओळ, जिला तुम्ही 'शेजार' म्हणायचात, ती कुणाकडंच उरलेली नाही. लेकीच्या लग्नाची कॅसेट तुमच्या नातीनं जपलीय. त्यात माईक तुमच्या तोंडासमोर होता. तुमचं क्लॅरिनेट स्वच्छ ऐकू येतं, आणि माझं वाजवणं म्हणजे पलीकडच्या खोलीत कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटतं. वाजवणारे एकेक करून गेले. उरलो मी.

आणि नेमका माझा कान गेलाय. तिला हे सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. सगळा गेलेला नाही. डॉक्टरांनी त्या बंद काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि म्हणाले, खालचे सूर चांगले आहेत, वरचे जवळजवळ संपलेत. पाखरं, शिट्ट्या, लहान मुलांचं बोलणं हे आता कमीच येणार. इतकी वर्षं डिझेल इंजिनाला कान लावून बसलात, त्याचं हे फळ. मशीन लावा. बघू म्हटलं आणि घरी आलो, आणि घरात कुणाला बोललो नाही. मास्तर, ज्या माणसानं कानाच्या जिवावर इंजिन-दुरुस्तीचं दुकान उभं केलं त्यानं कानाला मशीन लावून गल्ल्यावर बसायचं म्हणजे पहिलवानानं काठी टेकत तालमीत शिरण्यासारखं झालं. गिऱ्हाईक येतं ते एवढ्यासाठीच, की मी इंजिन न उघडता सांगतो कुठं बिघडलंय.

आणि तो कान तुम्ही दिलेला. गगनबावड्याकडून मी आलो तेव्हा उद्यमनगरात दिवसभर इंजिनाचे भाग रॉकेलमध्ये धूत होतो आणि लग्नसराईत तुमच्या बँडमध्ये फुंकत होतो. इंजिन सुरू झालं की बाकीच्या मेस्त्रींना एक आवाज ऐकू यायचा. मला वरची टकटक वेगळी आणि खालची घरघर वेगळी ऐकू यायची, दोन्ही एका वेळी, एकमेकांत न मिसळता. मालक म्हणायचा, ह्याच्या कानात भूत हाय. भूतबित काही नव्हतं. संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत तुम्ही जे करून घेत होता, तेच मी दिवसा इंजिनावर करत होतो.

ती खोली आता डोळ्यासमोर आहे. भिंतीपलीकडं काकू कांदा भाजतायत, धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरतायत, आणि तुम्ही दोन स्टुलं मधोमध ठेवून म्हणताय, "बसा. पाठीला पाठ." दुसऱ्या कुठल्याही बँडमध्ये ही रीत मी पाहिली नाही. बाकीचे मास्तर पोरांना समोर बसवायचे, हाताकडं बघा म्हणायचे. तुमच्याकडं चाल वाजवणारा आणि शेजार वाजवणारा यांनी एकमेकांकडं बघायचं नाही, पाठ टेकवून बसायचं. एकाचं तोंड स्वयंपाकघराकडं, दुसऱ्याचं रस्त्याकडं. पहिल्या दिवशी मी विचारलं, असं का? तुम्ही म्हणालात, "बघून वाजवलंस की तू त्याच्या मागनं पळणार. मागनं पळायला मला मानूस नको, कुत्रं बी पळतंय."

आणि दुसरी सक्त ताकीद म्हणजे शेजार एकट्यानं कधी वाजवायचा नाही. ती मी मोडली. पाठवणीच्या चालीचा शेजार मला फार आवडला होता. पहाटे पंचगंगेच्या घाटावर जाऊन तो एकटाच घोटत बसलो, आणि चांगला बसल्यावर तुमच्यापुढं अगदी छाती काढून वाजवून दाखवला. एकही सूर चुकला नाही. तुम्ही सुपारी कातरत होता. कातरणं थांबवलंत आणि विचारलंत, "एकटाच कुनासंगं बोलत हुतास रं?"

खोलीतले सगळे खो-खो हसले. माझा चेहरा उतरलेला बघून तुम्ही स्टूल ओढून जवळ बसलात. "ह्ये बघ मर्दा. पोरगी सासरी निघालीया. ती चाल तिची हाय. तू तिच्या मागनं ट्रंक घिऊन जानारा भाऊ न्हवंस. तू शेजारची बाई हाईस. आपल्या दारात हुबी हाईस, हातात सूप हाय, काम सुटलेलं न्हाय, आन डोळं बी पुसतीयास. पोरगी दिसंना झाली तर ती बाई तितं हुबी ऱ्हाऊन रडंल का? येडी म्हनतील तिला." मग काकूंनी आतून सांगितलं, "आता त्याला च्या द्या, न्हाय तर तोच रडंल." तो चहा आणि ते बोलणं, दोन्ही अजून जिभेवर आहे.

तुमच्या नातीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "काका, याला काउंटरपॉइंट म्हणतात." शब्द माझ्या कानावरून गेलेला होता. सिनेमाच्या गाण्यात वाजवून आलेली माणसं 'काउंटर टाक, काउंटर टाक' करायची. पण ते म्हणजे नेमकं काय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो, माझी बायको भाकरी थापत होती. पोरीनं परातीतल्या पिठावर बोटानं एक ठिपका उमटवला, त्याच्या खाली दुसरा. म्हणाली, तिकडं युरोपात, शेकडो वर्षांपूर्वी, चर्चमधलं गाणं लिहिताना सूर म्हणजे ठिपका असायचा. एका ठिपक्यासमोर दुसरा ठिपका ठेवायचा, म्हणून तो शब्द. मूळ लॅटिन.

बायको पिठाकडं बघून म्हणाली, "मंजे रांगुळीच की गं."

"तशीच, काकू. फक्त रांगोळीत आपण सगळे ठिपके जोडून एक चित्र करतो. इथं वरचे ठिपके वरच्या वर जोडायचे, खालचे खालच्या खाली. दोन रेषा होतात. दोन्ही आपापल्या परीनं पुऱ्या. कुठलीही एक एकटी गायली तरी गाणं वाटलं पाहिजे, आणि दोन्ही एका वेळी गायल्या तर भांडण वाटता कामा नये."

"आमच्या सासूबाईंचं आन माझं असंच चालायचं," बायको म्हणाली. "दोघी एकदमच बोलायचो. ह्यास्नी दोन्हीबी कळायचं, पर उत्तर एकीलाबी द्यायचे न्हाईत."

मी विचारलं, मग पेटीवाला गवयाला साथ करतो ते? ती म्हणाली, ती साथ, तो गवयाच्या मागून जातो. आणि भजनी मंडळात पंधरा जण गातात ते? ते एकच गाणं पंधरा तोंडांनी. आणि बँडमध्ये तीन पिपाण्या एकदम एकावर एक सूर धरून उभ्या राहतात ते? ती हार्मनी, माणसावर माणूस उभा केल्यासारखी. काउंटरपॉइंटमध्ये कुणी कुणाच्या खांद्यावर नाही, दोघंही चालतायत. बोलता बोलता तिनं पिठात दोन वाटा काढल्या. एक वर चढायला लागली की दुसरी उतरते, एक थांबली की दुसरी हलते, म्हणजे ऐकणाऱ्याला दोन्ही दिसतात. मी त्या वाटांकडं बघत बसलो. गोव्याचे कुणी व्हायोलिनवाले इथं सिनेमाच्या स्टुडिओत वाजवायला यायचे, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून तुम्ही हे उचललं, असं तुमच्या घरच्या काकू सांगायच्या. चर्चमधून व्हायोलिनवाल्याकडं, त्याच्याकडून तुमच्याकडं, आणि तुमच्याकडून माझ्या डिझेल इंजिनात. एवढी लांबची वाट चालून आलेल्या वस्तूला तुम्ही 'शेजार' म्हणालात आणि ती आमच्या गल्लीतली झाली.

मग मी तिला गंगावेशीतली ती वरात सांगितली. तुम्हाला आठवत असेल. अरुंद रस्ता, आपली वरात इकडून, इचलकरंजीच्या पाहुण्यांची तिकडून. दोन घोडे समोरासमोर फुरफुरतायत. त्या वेळची रीत अशी की जो बँड आधी थांबला त्याच्या नवऱ्याचं नाक गेलं. त्यांचा बँड उडत्या गाण्यावर, आपला दुसऱ्याच गाण्यावर, आणि दोन्हीकडचे ढोलवाले असे बडवतायत की गॅलरीतली बाळं रडायला लागलीत. दोन्हीकडच्या पोरांनी बाह्या वर सारल्या. आणि तुम्ही हात खाली केलात. आपला बँड गप्प.

नवऱ्याचा मामा गर्दीतून ओरडला, "ओ मास्तर! गप का ऱ्हायलासा? नाक कापताय व्हय आमचं?"

तुम्ही त्याला बोट दाखवलंत, थांब म्हणून. डोळे मिटून त्यांचं गाणं ऐकलंत. सुदैवानं पट्टी जुळणारी होती. मग क्लॅरिनेट तोंडाला लावलंत आणि त्यांच्या उड्यांच्या खालून एक लांब, सावकाश चाल सोडलीत. त्यांचं गाणं श्वास घेई तिथं तुमचं हले, त्यांचं धावे तिथं तुमचं उभं राही. त्यांच्या मास्तराला पहिल्यांदा वाटलं चेष्टा चाललीय. मग त्याच्या भुवया खाली आल्या, त्यानं आपल्या ढोलवाल्याला हातानंच दाबलं, आणि बघता बघता दोन वराती एकमेकांच्या खांद्याला खांदा घासून पार झाल्या. कुणाचंच नाक गेलं नव्हतं. पुढं टपरीवर तो मास्तर तुम्हाला शोधत आला. "पावनं, ह्ये कुटं शिकलासा?" तुम्ही म्हणालात, "आत्ताच की. तुमचं ऐकून."

नातीनं डोळे पुसले. म्हणाली, "चला, वाजवू या." ती वेळ मी टाळत होतो.

माझं जुनं युफोनियम दुकानात भिंतीवर टांगलेलं होतं, ते पोराकडून आणवलं. मांडीवर घेतलं तर पूर्वीपेक्षा जड वाटलं. ती समोर उभी राहिली, मोबाईल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. तिनं चाल सुरू केली आणि मी खाली गेलो. पहिल्या दोन ओळी ठीक. ओठ थरथरत होते, सूर मधेच फाटत होता, पण वाट पायाखालची होती. मग शेवटाकडं चाल वर चढते, तुम्हाला माहीतच आहे, जिथं पोरगी गाडीच्या दारापाशी वळून बघते असं तुम्ही म्हणायचात. तिथं क्लॅरिनेट चढलं आणि माझ्यासाठी नाहीसं झालं. फक्त तिची बोटं हलताना दिसतायत आणि माझ्या कानात माझीच घरघर. अंदाजानं पुढं सरकलो. ती थांबली.

"काका, मी अजून वरच आहे. तुम्ही उतरलात."

म्हटलं, ओठ गेलेत गं आता. पुन्हा घे. पुन्हा घेतलं, तिथंच पुन्हा चुकलं, या वेळी मी मागं राहिलो. शेजार मला सुरापासून सुरापर्यंत पाठ आहे असंच मी धरून चाललो होतो, घाटावर घोटलेला. पण तिची चाल दिसेना झाल्यावर मी सूप घेऊन रिकाम्या रस्त्याकडं तोंड करून उभा होतो. तिसऱ्यांदा मी म्हटलं, ह्या वाद्याचीच एक कळ अडकतेय.

चहाचा ट्रे टेबलावर ठेवत बायको म्हणाली, "ओठ न्हाईत गेले आन कळबी न्हाय अडकली. कान गेल्यात ह्यांचे."

मी तिच्याकडं बघितलं.

"बघतासा काय? कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम ह्यांच्याकडं हुतं. पेपर वाचत वाचत मोजायचे, एक चुकायची न्हाय. पावसाळ्यापासनं डाळीचा नुसता लगदा व्हतोय. मला काय कळत न्हाय व्हय? म्हटलं सांगतील, सांगतील. न्हाय सांगितलं, तर ग्वाड मानून लगदाच खाल्ला."

मला वाटलं आता पोरगी रेकॉर्डिंग बंद करील, राहू दे काका म्हणेल, आणि तिच्या पाठवणीला नुसतीच चाल वाजेल, शेजारणीशिवाय. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि दोन स्टुलं घेऊन आली. मधोमध ठेवली. "आई सांगते, आजोबा असं बसवायचे." आणि पाठ करून बसली.

मास्तर, तुम्ही पाठीला पाठ का लावायला लावत होता, ते मला एवढ्या वर्षांनी त्या स्टुलावर बसल्यावर कळलं. मी समजत होतो, बघू नये म्हणून. आता कान बाजूला झाल्यावर पाठ बोलायला लागली. ओळ सुरू व्हायच्या आधी तिच्या बरगड्या फुलतात. सूर लहान असेल तर थोड्या, मोठा असेल तर खूप. ओळ संपत आली की पाठ सैल होते. चाल वर चढली, माझ्या कानातून गेली, पण पाठीतून गेली नाही. ती वरचा सूर धरून बसलीय हे मला माझ्या मणक्यात कळत होतं. मी थांबलो, तिच्यासाठी जागा ठेवली, तिची पाठ हलल्यावर हललो. शेवटपर्यंत गेलो. बायको दारात उभी होती, हातात कपबश्या तशाच.

रेकॉर्डिंग तिनं लगेच तुमच्या लेकीला पाठवलं. पाच-दहा मिनिटांत फोन आला. स्पीकरवर लावला तरी मला शब्द नीट येईनात, बायकोनं मोठ्यानं सांगितलं, "रडायल्यात त्या. म्हनत्यात, ह्येच. शेवटचं ते वळन तर अगदी बाबांचंच."

पोरगी आता ते नोटेशनमध्ये उतरवणार आहे. वर लिहिणार, चाल तुमची. खाली लिहिणार, शेजारही तुमचा. लग्नात कोण युफोनियम वाजवणार तेही ठरलंय, त्याला ती स्वतः शिकवणार, पाठीला पाठ लावून. मशीन लावून लग्नाला यायचं असा बायकोनं दम भरलाय, आणि मी लावणार आहे. दुकानात पोरालाही सांगून टाकलं. तो म्हणाला, "बरं झालं बाबा, आता गिऱ्हाइकांवर ओरडणार न्हाईसा." म्हणजे तिथंही सगळ्यांना ठाऊक होतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं, कारण पुढचं वाचून तुम्ही सुपारी कातरायचं थांबवलं असतंत. शेवटचं ते वळण तुमचं नाही. जिथं पोरगी वळून बघते त्या लांब सुरावर तुमचा शेजार कसा उतरायचा ते मला आठवलंच नाही. घाटावर घोटलेलं सगळं आठवलं, नेमकं तेवढंच गेलेलं. तिची पाठ ताठ होती, श्वास संपत नव्हता, आणि मला काहीतरी वाजवायला हवं होतं, म्हणून मी तिथल्या तिथं एक पायरी खाली जाऊन पुन्हा वर आलो. तुमची लेक म्हणते ते तुमचंच. मी तिला काही बोललो नाही, नातीलाही नाही. आणि खरं सांगू, मास्तर, मला ते आवडलं.